मेघाची वाट पाहणारे गान

बारामती म्हटले की मराठी वाचकाला मोरोपंत आठवतात. पन्हाळ्यास जन्मलेले पंत (1729–1794) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी स्थिरावले, आणि त्यांच्या आर्यांवर कीर्तनकारांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. त्यांच्या ‘केकावली’चे नावच बोलके आहे. केका म्हणजे मोराचा टाहो. मेघाकडे पाहून मोर जसा ओरडतो, तसा हा ‘मयूर’ कवी देवाला आळवतो.

आगमनकाळाच्या चौथ्या रविवारचे प्राचीन लॅटिन प्रवेशगीत ‘रोराते चेली’ ऐकताना आम्हांला नेहमी ही केका आठवते. यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातून घेतलेले हे गीत आकाशाकडे दंव मागते आणि मेघांकडे नीतिमत्त्वाची वृष्टी मागते. ग्रेगोरियन पद्धतीचे हे गायन एकसुरी आहे, वाद्यावाचूनही ते उभे राहते. पंतांची उपासना वेगळी, आमची श्रद्धा वेगळी, हे आम्ही विसरत नाही. साम्य आहे ते हाकेचे. 1876-77 च्या दुष्काळाने होरपळलेल्या आणि त्यानंतर नीरा डाव्या कालव्याने काही अंशी ओलावलेल्या बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला ढगाकडे डोळे लावणे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. युरोपातील कित्येक भाविकांपेक्षा हे गीत त्याला अधिक जवळचे वाटावे.

मग ते मराठी चालीवर का येऊ नये? हा प्रश्न नवा नाही. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी त्याचे उत्तर ओवीत दिले. नवख्रिस्ती बांधवांना पूर्वीच्या पुराणश्रवणाची उणीव भासत होती. ती ओळखून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. 1616 साली राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण उत्पत्तीपासून सुरू होते आणि त्यातील छत्तीस अध्याय तारणाऱ्याच्या वचनाची व प्रतीक्षेची कथा सांगतात. ख्रिस्तजन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. म्हणजे ग्रंथाचा मोठा भाग हा एक दीर्घ आगमनकाळच आहे! पाळण्यापाशी पोहोचण्याची घाई या कवीला मुळीच नाही.

पुढे साडेतीन शतके लोटली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा आपला पहिला दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 रोजी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातच, जाहीर केला. ग्रेगोरियन गायनाला त्याने मानाचे स्थान दिले आणि त्याबरोबरच प्रत्येक लोकसमूहाच्या संगीतपरंपरेचा आदर करण्यास सांगितले. पहिले वाक्य विसरून दुसरे घेणारे आणि दुसरे विसरून पहिले घेणारे, दोन्ही प्रकारचे लोक आम्ही पाहिले आहेत. असो.

आमची खरी तक्रार निराळीच आहे. आज डिसेंबर उजाडतो न उजाडतो तोच ध्वनिक्षेपकावर नाताळगीते सुरू होतात. चोवीसच्या मध्यरात्री गायनवृंद उभा राहतो तेव्हा तेच सूर मुलांच्या कानांना शिळे झालेले असतात. मिस्साविधीचा नियम आगमनकाळात वाद्यांचा वापर संयमाने करायला सांगतो, ‘ग्लोरिया’ बाजूला ठेवतो, तो उगाच नव्हे. प्रोटेस्टंट लाइपझिगमध्येही बाखच्या काळी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारनंतर नाताळपर्यंत चर्चमधील वाद्यवृंदासहित गायन बंद असे. बाखसारखा संगीतकार हाताशी असताना तेथील लोक तीन रविवार थांबत. नंतर नाताळच्या दिवशी तुताऱ्या-नगारे वाजत, तेव्हा ते कसे ऐकू येत असतील याची कल्पनाच करावी.

मौन पाळा असे आम्ही म्हणत नाही. 17 ते 23 डिसेंबरच्या सांजप्रार्थनेत रोज एक नवी हाक आहे: ज्ञाना, प्रभो, इशायाच्या मुळा, दाविदाच्या किल्ल्या, उदयसूर्या, राष्ट्रांच्या राजा, इम्मानुएल. सात संध्याकाळी सात हाका. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापुरास येते. वाटेवर गायचे गाणे आणि मुक्कामी पोहोचल्यावरचे गाणे यांतला फरक आपल्या गावांना ठाऊक आहे. एक तंबोरा, टाळांची एक जोडी आणि ओवीची चाल एवढ्यावर या सात हाका कोणत्याही घरात, दिवेलागणीला गाता येतील.