गाडी किती उंच असावी?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझा भाचा आशागडहून माझ्याकडे आला. चहा झाला, घरादाराची विचारपूस झाली आणि मग त्याने विषय काढला. "मामू, थोडे पैसे उसने हवेत. पिकअप वर उचलायची आहे."

आशागड म्हणजे डहाणू रोड स्टेशनवरून जव्हारच्या वाटेला लागले की येणारे गाव. भाचा आसपासच्या पाड्यांवरून भाजी आणि वाड्यांतून चिकू भरतो आणि स्टेशनच्या बाजाराला पोहोचवतो. गाडी कर्जाची आहे. जुलैमध्ये एका पाड्याकडच्या मुरमाच्या रस्त्यावर ती पोटावर बसली. दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या, मधला उंचवटा तसाच, आणि त्या उंचवट्यावर मागचा डिफरन्शियलचा गोळा टेकलेला. चाके जागच्या जागी फिरत राहिली. संध्याकाळी ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत काकडी पावसात भिजली आणि त्या दिवशीचा बाजार हुकला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात लिफ्ट किट आणि मोठे टायर बसले होते.

मी कवी माणूस. पाना कसा धरतात तेही मला धड ठाऊक नाही. पण बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, आणि आमच्या आजोबांच्या दोन बैलगाड्या भाड्याने चालत. म्हणून त्याला म्हटले, पैसे देतो, पण आधी हे उंचीचे प्रकरण मला समजून घेऊ दे.

आजोबांच्या गाडीचे चाक मला आठवते. साडेचार-पाच फुटांचे, मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि बाहेरून लोखंडी पट्टी. त्या पट्टीला मराठीत धाव म्हणतात. लोहार ती तापवून लाल करी, चाकावर चढवी आणि वर पाणी ओते. धाव आक्रसली की सगळे लाकूड आवळून बसे. अशा चाकाचा आस जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर असतो. ओढ्यातला दगड, भाताचा बांध, गाळाची चाकोरी हे सगळे त्या आसाखालून निघून जाई. मोठे चाक लहान खड्ड्यात पडतही नाही. रस्ता नव्हता, म्हणून चाक मोठे होते.

पुढे खडीचे रस्ते आले आणि हेच चाक डोळ्यांवर आले. अरुंद लोखंडी धाव रस्ता कापते, ही रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांची जुनी तक्रार. त्यावरचा उपाय दूर तयार होत होता. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने मांडली आणि ती जगभर गेली. १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला. पुढे बैलगाडीलाही रबरी टायर लागले. ती टायरगाडी आजही उसाच्या भागात दिसते. चाक लहान झाले, साटी खाली आली, बैलांची ओढ हलकी झाली आणि माल चढवणाऱ्याची कंबर वाचली. मात्र टायरगाडीला बरा रस्ता लागतो. नुसत्या चिखलात जुने उंच चाकच सरस.

मग आली जीप. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली आणि नमुना ४९ दिवसांत मागितला. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने तो करून दिला. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी लाखो जीपगाड्या बनवल्या. या जीपची जमिनीपासूनची मोकळी उंची होती जेमतेम पावणेनऊ इंच. ती चिखलातून निघे, कारण तिची चारही चाके ओढत आणि अंगाने ती हलकी होती. भाच्याच्या पिकअपची फक्त मागची दोन चाके ओढतात.

जीप आपल्याकडे रुजवणाऱ्या कंपनीचे १९४५ मधले नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. पाटी बदलली, पण गाडीचा सांगाडा तोच राहिला. तिच्या वंशातल्या गाड्या आज डहाणू-तलासरीच्या प्रत्येक नाक्यावर उभ्या असतात.

गाडी मुद्दाम उंच करण्याच्या हौसेचा कळस झाला तो अमेरिकेतच. सेंट लुईस शहरातल्या बॉब चँडलर याने आपली फोर्ड पिकअप वाढवत वाढवत नेली, तिचे नाव ठेवले 'बिगफूट', आणि तिला जुन्या मोटारींवर चढवून दाखवले. १९८२ च्या दुसऱ्या बिगफूटला ६६ इंची टायर होते. शेतात खत पसरणाऱ्या अवजड यंत्रांचे ते टायर. सहासष्ट इंच म्हणजे साडेपाच फूट. एवढे करून गाडी आमच्या आजोबांच्या चाकापाशीच येऊन पोहोचली, आणि तीही खेळ म्हणून.

आता भाच्याच्या गाडीकडे येतो. त्याच्यासोबत मी गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रीने मला शांतपणे समजावले. लिफ्ट किट दोन तऱ्हेचे. एकात चासी आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे बसतात. दुसऱ्यात कमानीचे पाटे उंच करतात किंवा पाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळे घालतात. दोन्हीत गाडी उंच दिसते, पण मागचा आस चाकाच्या मध्यावर असतो तिथेच राहतो. म्हणजे जो गोळा चिखलात टेकला होता, तो किट बसवूनही एक दोराभरसुद्धा वर जात नाही. त्याला वर नेते ते फक्त मोठे चाक. आजोबांच्या सुताराला हे ठाऊक होते.

बरे, मोठे टायर किती मोठे? आम्ही कागदावर हिशेब मांडला. गाडीला होते २१५/७५ आर १५. टायरवरचा हा आकडा वाचायचा असा: रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि आतली रिम १५ इंची. सगळे मिळून व्यास सुमारे ७० सेंटीमीटर. त्याऐवजी २३५/७५ घातले तर व्यास तीन सेंटीमीटरने वाढतो. पण आस वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे दीड सेंटीमीटर. बोटाच्या एका पेराहूनही कमी. त्या दीड सेंटीमीटरचे मोल मात्र बरेच. इंजिनला चढणीवर जड जाते, ब्रेकवर ताण येतो, डिझेल जास्त लागते, आणि काट्यावर ६० दिसत असताना गाडी साडेबासष्टने पळत असते. वर किट बसवले तर भरलेल्या मालाचा भार उंच जातो, आणि एका बाजूला कललेल्या रस्त्यावर गाडी लवकर उलटते.

शिवाय कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला आवर घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील.

एवढे ऐकूनही भाच्याचे मन निघत नव्हते. तरुण माणसाला उंच गाडीचे आकर्षण असतेच. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत वाडीवर गेलो. चिकूचे क्रेट भरले जात होते. दोन वारली बाया जमिनीवरून क्रेट उचलून गाडीत ठेवत होत्या. भाच्याने हौसेने त्यांना सांगितले, गाडी आता चार इंच वर जाणार. त्यातली मोठी बाई फाळक्याजवळ उभी राहिली. फाळका तिच्या छातीशी येत होता. तिने हात चार बोटे वर नेऊन गळ्याशी धरला आणि विचारले, "मग हे इथवर कोण चढवणार?"

मला एकदम आजोबांची गाडी आठवली. तीही उंचच होती. पण दोन चाकांची. बैल सोडले, जू वर केले की गाडी मागे उलाळे, साटीचे टोक जमिनीला लागे आणि ओंडका सरळ वर सरकवता येई. चार चाकांच्या गाडीला ती सोय नाही. तिच्या उंचीचा प्रत्येक इंच कोणाच्या तरी खांद्यातून निघतो.

याच पट्ट्यातले गवत एकेकाळी गाड्या भरभरून स्टेशनवर आणि तिथून मुंबईला जात असे. १९४५ मध्ये वारल्यांनी श्यामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने संप केला, तेव्हा मागणी होती पाचशे पौंड गवतकापणीला अडीच रुपये. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती कहाणी आहे. गवताचा भाव, भाड्याचा दर, रेल्वेचे वाघिणीभाडे हे सगळे कुठेतरी लिहिलेले होते. कापणाऱ्या हाताची मजुरी तेवढी भांडून लिहवून घ्यावी लागली. आमच्या आजोबांची गाडीही त्या माळेतलीच, हे मी विसरत नाही.

भाच्याने किट घेतले नाही. कंपनीने ठरवलेल्या मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घेतले. बसलेले पाटे बदलले. गाडीत एक फावडे, दोन फळ्या आणि जाड दोर ठेवला. पैसे उरले, ते मी परत घेतले नाहीत.

राहिला रस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली, तेव्हा सपाटीवर पाचशे आणि डोंगरी-आदिवासी भागात अडीचशे वस्तीची अट होती. दहा घरे इथे, बारा तिथे, अशा विखुरलेल्या पाड्याला तो आकडा गाठणे अवघड. म्हणून ग्रामसभेत अर्ज द्यायचा ठरले. रस्ता खचतो तिथे पाणी आडवे वाहते, एवढीच मोरी मागायची. अर्ज मी लिहिला. माझ्या आयुष्यातले हे सर्वांत सरळ गद्य असावे. खाली सह्या आणि अंगठे उमटले. पहिला अंगठा क्रेट चढवणाऱ्या त्या बाईचा होता.

दुसऱ्या अर्जानंतर मे महिन्यात तिथे सिमेंटचे दोन पाइप पडले, वर मुरूम दाबला गेला. यंदाच्या जुलैमध्ये गाडी त्याच जागेवरून गेली. उंची तीच होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)