कल्याणची छावणी

दुसऱ्या महायुद्धातील मराठी पराक्रमाची कथा सांगावयाची झाली म्हणजे लेखणी स्वाभाविकच एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांकडे, अथवा इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्याकडे वळते, जेथे 10 जुलै 1944 रोजी कुलाबा जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी आपल्या तुकडीतील सर्व सोबती पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चाल करून प्राण वेचले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ते यथोचितच आहे. परंतु ज्या मुलखात त्या युद्धाची एकही लढाई झाली नाही, त्या कल्याण तालुक्याचे रूप मात्र त्याने कायमचे पालटून टाकले, आणि हा इतिहास आपण फारसा लिहिला नाही याची खंत वाटते.

लष्कराची दृष्टी कल्याणवर पडली ती आगगाडीमुळे. मुंबईपासून 33 मैलांवर लोहमार्गाला येथे दोन फाटे फुटतात. एक थळ घाट चढून नाशिक-देवळालीकडे जातो, तर दुसरा भोर घाटाने पुण्याकडे. गोदीत जहाजातून उतरलेली पलटण काही तासांत येथे आणावी, विसावा द्यावा आणि हुकूम येताच देशाच्या कोणत्याही दिशेस रवाना करावी, किंवा पुन्हा गोदीवर नेऊन जहाजात चढवावी, यासाठी याहून सोयीचे ठिकाण मुंबईच्या आसपास सापडणे कठीण होते. 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि पूर्वेकडील संपूर्ण युद्धाची मदार हिंदुस्थानातील तळांवर आली, तेव्हा उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या परिसरात दोन हजारांहून अधिक बराकी उभ्या राहिल्या.

या छावणीत राहून गेलेल्यांपैकी एका दलाचा वृत्तांत विशेष लक्षणीय आहे. 6 जून 1944 च्या रात्री नॉर्मंडीत आणि मार्च 1945 मध्ये ऱ्हाइन नदीपलीकडे हवाई छत्र्यांनी उतरलेली ब्रिटिशांची पाचवी पॅराशूट ब्रिगेड 1945 च्या पावसाळ्यात मलायावरील स्वारीसाठी कल्याणच्या छावणीत दाखल झाली. इतक्यात 15 ऑगस्टला जपानच्या शरणागतीची घोषणा झाली; तरीही या सैनिकांची घरी रवानगी न होता सप्टेंबरात त्यांना मलायाच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आले, पुढे सिंगापूरला व तेथून जावा बेटावर नेण्यात आले. युरोपातील युद्ध संपवून आलेल्या त्या शिपायांना साम्राज्याच्या पुनःस्थापनेचे काम करावे लागले, आणि त्या कामाची पूर्वतयारी कल्याणच्या चिखलात झाली.

सैन्य गेले, बराकी उरल्या. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने याच बराकींत आसरा दिला. लष्करी शिस्तीने आखलेल्या त्या लांबलचक दालनांत गोणपाटाचे आणि चादरींचे आडोसे बांधून एकेका कुटुंबाने आपापला संसार थाटला. लाखाच्या घरात गेलेल्या या वस्तीला 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. तथापि छावणी अद्याप पुसली गेलेली नाही. आजही तेथील टपालावर ‘कॅम्प नंबर 4’ आणि त्याच्याजोडीला बराकीचा क्रमांक लिहिला जातो, रिक्षावालाही ‘कोणता कॅम्प?’ एवढेच विचारतो, आणि त्या क्रमांकांची मोजणी मुळात पलटणींसाठी झाली होती हे ध्यानात घेण्याचे कोणालाच कारण पडत नाही.

जमिनीचा प्रश्न मात्र इतक्या सहज मिटला नाही. मलंगगडाच्या वाटेवरील नेवाळी व आसपासच्या गावांतील सोळाशे एकरांहून अधिक जमीन युद्धकाळात विमानतळाच्या धावपट्टीसाठी सरकारने घेतली. युद्ध आटोपल्यावर पुन्हा भाताची लावणी सुरू झाली आणि दोन-तीन पिढ्या तीच शेते कसत राहिल्या. पण जमीन संरक्षण खात्याच्या मालकीची झाली होती. युद्धापुरतीच घेतलेली आमची जमीन परत मिळावी, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. सरकारचे उत्तर कागदपत्रांवर उभे. नौदलाने तेथे कुंपणभिंतीचे काम हाती घेतले तेव्हा 22 जून 2017 रोजी या वादाला हिंसक वळण लागले, वाहने जाळली गेली, शेतकरी आणि पोलीस दोन्ही बाजूंस माणसे जखमी झाली. ज्या जपानी सैन्याशी लढण्यासाठी ही धावपट्टी आखली, त्याने शस्त्रे खाली ठेवून तोवर बहात्तर वर्षे होत आली होती. नेवाळीच्या शेतकऱ्याचे त्या युद्धातले गाऱ्हाणे मात्र अजून दफ्तरात पडून होते.