नाव एक, विष्णू अनेक
नामसाधर्म्यामुळे होणारी गल्लत आणि तिच्याआड राहिलेले कर्तृत्व

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास चाळताना 'विष्णू' हे नाव वारंवार भेटते. रंगभूमी, निबंध, समाजसुधारणा, संगीत, कादंबरी, कविता, क्रांतिकार्य, सर्कस आणि चित्रपट अशा विविध क्षेत्रांत या नावाच्या व्यक्तींनी मोलाचे कार्य केले आहे. मराठी प्रथेनुसार स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा संपूर्ण उल्लेख केला, तर संदिग्धता उरत नाही. मात्र त्या काळी विद्वानाला 'शास्त्री', कीर्तनकार वा संन्यस्त वृत्तीच्या पुरुषाला 'बुवा', भिक्षुकाला 'भट' आणि प्रतिष्ठित गृहस्थाला 'पंत' असे जोडून संबोधण्याची रीत होती. परिणामी वडिलांचे नाव आणि आडनाव मागे पडले आणि एकाच्या प्रसिद्धीत दुसऱ्याचे कार्य झाकले गेले.

दोन विष्णुशास्त्री

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दोन विष्णुशास्त्री. आज नुसते 'विष्णुशास्त्री' म्हटले की विष्णू कृष्ण चिपळूणकर (१८५०-१८८२) यांचेच स्मरण होते. त्यांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले आणि त्याच्या ८४ अंकांतून मराठी गद्याला नवे तेज दिले. सरकारी शाळेतील नोकरी सोडून १ जानेवारी १८८० रोजी त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल स्थापन केले. पुढच्याच वर्षी टिळक, आगरकर आदी सहकाऱ्यांसह 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू झाली. लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर त्यांनी कठोर टीका केली. वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दुसरे विष्णुशास्त्री म्हणजे विष्णू परशुराम पंडित (१८२७-१८७६). वयाने ते चिपळूणकरांहून २३ वर्षांनी मोठे आणि विचाराने नेमके दुसऱ्या टोकाचे. विधवांच्या पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या ग्रंथाचे त्यांनी १८६५ मध्ये मराठी भाषांतर केले. 'इंदुप्रकाश'च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. पुनर्विवाहाच्या प्रसारासाठी मुंबईत जी मंडळी स्थापन झाली, तिचे ते प्रमुख कार्यकर्ते होते. १८६९ मध्ये मुंबईत या मंडळींच्या पुढाकाराने एका विधवेचा विवाह झाला, तेव्हा त्यात सहभागी झालेल्यांवर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर झालेल्या जाहीर वादात पुनर्विवाहाची बाजू पंडितांनीच लढवली. निर्णय विरोधात गेला, तरी त्यांनी माघार घेतली नाही. १८७४ मध्ये त्यांनी स्वतःही एका विधवेशी विवाह केला.

पंडितांचे निधन झाले तेव्हा 'निबंधमाला' सुरू होऊन तिसरे वर्ष चालू होते. त्यानंतर 'विष्णुशास्त्री' हे नाव जणू एकट्या चिपळूणकरांचे झाले. आज पुनर्विवाहाच्या चळवळीसंदर्भात केवळ 'विष्णुशास्त्री' असा उल्लेख आढळला, तर अजाण वाचक सुधारकाचे श्रेय सुधारकांच्या कठोर टीकाकाराला देऊन बसतो.

बुवा आणि भट

याच काळातील आणखी दोन विष्णू आजच्या रायगड जिल्ह्यातील. विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५-१८७१) यांचे मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी त्यांचे जाहीर वादविवाद झाले. 'वेदोक्तधर्मप्रकाश' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. मात्र धर्माभिमानी वादपटू एवढीच त्यांची ओळख नाही. १८६७ मध्ये त्यांनी 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहून जमीन आणि उत्पन्न साऱ्या समाजाच्या मालकीचे असावे, अशी कल्पना मांडली. कार्ल मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंडही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक घरातील दारिद्र्य दूर करण्यासाठी १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' त्यांच्या निधनानंतर १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी फेरफार करून प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती वाचकांसमोर येण्यास १९६६ साल उजाडावे लागले. ती दत्तो वामन पोतदार यांनी संपादित केली.

संगीतातील विष्णुद्वय

हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात दोन विष्णूंची नावे जोडीनेच घेतली जातात. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे मुंबईचे, शिक्षणाने वकील. देशभर फिरून त्यांनी बंदिशी जमवल्या, दहा थाटांत रागांचे वर्गीकरण केले आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग सिद्ध केले. १९१६ मध्ये बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती त्यांच्याच प्रयत्नांमुळे. लखनौचे जे संगीत महाविद्यालय त्यांनी १९२६ मध्ये उभे केले, ते आज विद्यापीठ असून भातखंडे यांच्याच नावाने ओळखले जाते. गमतीचा भाग असा, की आपले मराठी लेखन त्यांनी 'विष्णुशर्मा' या टोपणनावाने केले. पंचतंत्राच्या कर्त्याचेही तेच नाव असल्याने नामसाधर्म्यात आणखी एकाची भर पडली.

विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) हे कुरुंदवाडचे, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. बालपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या दृष्टीला इजा झाली होती. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि दरबार व कोठी यांत अडकलेले संगीत मध्यमवर्गाच्या घरात नेले. भातखंडे मुख्यतः संग्राहक आणि शास्त्रकार, तर पलुस्कर गायक आणि प्रचारक. दोघांच्या स्वरलेखन पद्धतीही वेगळ्या. 'पंडित विष्णू' एवढ्या उल्लेखावरून कोणती पद्धत कोणाची, हे ठरवता येत नाही.

दत्तक गेलेले विष्णू

मराठीला मिळालेले पहिले दोन ज्ञानपीठ पुरस्कारही विष्णूंच्याच नावे आहेत. 'ययाति'कार विष्णू सखाराम खांडेकर (१८९८-१९७६) यांना १९७४ चा, तर 'कुसुमाग्रज' अर्थात विष्णू वामन शिरवाडकर (१९१२-१९९९) यांना १९८७ चा पुरस्कार मिळाला. त्यातही विलक्षण योगायोग असा, की हे दोघेही जन्माने विष्णू नव्हते. खांडेकरांचे मूळ नाव गणेश आत्माराम, तर शिरवाडकरांचे गजानन रंगनाथ. दोघेही दत्तक गेले आणि वडिलांच्या नावासोबत त्यांचे स्वतःचे नावही पालटले. दोन गणपतींचे दोन विष्णू झाले. शिरवाडकरांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो.

रंगमंच, रिंगण आणि रणांगण

सांगलीचे विष्णुदास भावे म्हणजे विष्णू अमृत भावे. त्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस'चे खेळ सुरू केले. ते संगीताचेही भोक्ते होते आणि रहमत खाँ यांच्यासारख्या गायकाला त्यांनी आधार दिला. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे (१८८८-१९१५) अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेला गेले आणि गदर चळवळीत सामील होऊन परतले. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले. ज्या लाहोरात पलुस्करांनी संगीताची शाळा उघडली, त्याच लाहोरच्या तुरुंगात १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा यांच्यासह पिंगळे यांना फाशी देण्यात आले.

'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) हा चित्रपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला आणि त्यात तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. तुकोबांशी नाते असलेला आणखी एक विष्णू मात्र सहसा आठवत नाही. १८६९ पासून 'इंदुप्रकाश'ने सरकारी साह्याने छापलेल्या तुकारामगाथेच्या संपादनाचे काम शंकर पांडुरंग पंडित यांच्या साह्याने ज्यांनी केले, ते विष्णू परशुरामशास्त्री पंडितच होत. विधवाविवाहाच्या वादात बहिष्कार सोसत असतानाच त्यांनी हे काम चालवले होते. अभ्यासकांनी निदान त्यांच्यापुरते तरी केवळ 'विष्णुशास्त्री' असे न लिहिता वडिलांच्या नावासह आणि आडनावासह संपूर्ण नाव लिहिणे अगत्याचे आहे.