अपस्करण आणि काचतंतूंच्या पिढ्या
दूरसंचाराच्या ऑप्टिकल फायबरचा इतिहास बहुधा काच उत्तरोत्तर शुद्ध होत गेल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि आरंभीच्या काळापुरते ते खरेही आहे. इंग्लंडमधील हार्लो येथे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली असे प्रतिपादन केले, की काचेत प्रकाश क्षीण होण्याचे मुख्य कारण तिच्यातील लोहासारख्या अशुद्धी हे आहे आणि ही घट किलोमीटरमागे २० डेसिबलपर्यंत आणली, म्हणजे प्रकाशाचा शंभरावा हिस्सा जरी पलीकडे पोहोचला, तरी संदेशवहन साधेल. कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये हे उद्दिष्ट गाठले. १९७९ मध्ये जपानमध्ये घट ०.२ डेसिबलवर आली आणि त्याच वर्षी पुण्यात स्थानिक टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी भारतातील पहिली तंतुयंत्रणा सुरू झाली.

पुढचा झगडा अपस्करणाशी होता. प्रकाशाच्या एकाच स्पंदातील निरनिराळ्या तरंगलांबी किंचित वेगळ्या वेगाने धावतात, त्यामुळे स्पंद पसरत जाऊन शेजारच्या स्पंदात मिसळतो; यालाच अपस्करण म्हणतात. सुमारे ९ मायक्रॉन गाभ्याच्या रूढ सिंगल मोड तंतूत ते १३१० नॅनोमीटरजवळ शून्य होते, पण घट सर्वांत कमी असते ती १५५० जवळ. म्हणून १९८० च्या दशकात गाभ्याची रचना बदलून शून्य अपस्करणही १५५० वर आणणारा तंतू तयार झाला आणि जपानने तो मोठ्या प्रमाणावर अंथरला. एर्बियम प्रवर्धकांमुळे १९९० च्या दशकात एका तंतूतून अनेक तरंगलांबी एकदम पाठवता येऊ लागल्या, तेव्हा मात्र याच गुणाने घात केला. अपस्करणाअभावी सारे तरंग एका चालीने चालू लागले आणि परस्परांत मिसळून नको ते नवे तरंग उत्पन्न करू लागले. थोडे अपस्करण मुद्दाम राखणारा तिसरा प्रकार त्यावरील उपाय म्हणून आला, पण त्याचे वर्चस्वही टिकले नाही, कारण २०१० च्या सुमारास प्रकाशाची तीव्रता आणि कला ही दोन्ही मोजणारे ग्राहक प्रचारात आले व अपस्करणाची भरपाई संगणनाने होऊ लागली. ज्या मोठ्या अपस्करणामुळे रूढ तंतू मागे पडला होता, तेच आता त्याचे बळ ठरले.

खरी वेगळी वाट पोकळ गाभ्याच्या तंतूची आहे. त्यात प्रकाश काचेऐवजी हवेतून जातो, त्यामुळे विलंब सुमारे तृतीयांशाने घटतो. शिवाय २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साउथॅम्प्टन येथील संशोधनात घट ०.१ डेसिबलच्याही खाली गेली. तथापि गाभ्याभोवतीच्या मायक्रॉनहूनही पातळ भिंतींच्या नळ्या मैलोन्‌मैल एकसारख्या ओढणे आणि विद्यमान तंतूंशी त्यांचा सांधा जुळवणे अद्याप महाग असल्याने त्यांचा वापर मुख्यतः विदाकेंद्रांमधील जोडण्यांपुरता आहे.