पदवीचें खरें मोल

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि उच्च शिक्षणाचें द्वार उघडलें. परंतु त्या द्वारांतून एका मुलास आंत पाठविण्यासाठीं घराला काय द्यावें लागे, हें विद्यापीठाच्या फीवरून समजत नाहीं. तें घरच्या जमाखर्चावरून समजतें.

कागल संस्थानांत नोकरीस असलेले कृष्णराव गोखले १८७९ सालीं वारले. थोरला मुलगा गोविंद यानें स्वतःचें शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरिली. त्यांतील ८ रुपये कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या गोपाळास जात. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. १८८१ सालीं गोपाळ मॅट्रिक झाला. आतां आपणही मिळवावें, असें त्याच्या मनांत होतें. भावानें तें ऐकिलें नाहीं. वहिनीनें अंगावरचे दागिने पुढें केले.

१८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून गोपाळ कृष्ण गोखले बी. ए. झाले. पदवीपत्रावर नांव एकाचेंच होतें. फी आणि खाणावळ यांचा हिशेब राहतो; थोरल्या भावानें सोडलेली शाळा मात्र कोणत्याच वहींत मांडली जात नाहीं. आणि ज्या घरांत असा भाऊ नव्हता, मोडावयास दागिना नव्हता, तेथील मुलाची बुद्धि घरींच राहिली.

१९११ सालीं गोखल्यांनीं कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. ज्या पालकाचें मासिक उत्पन्न १० रुपयांहून अधिक नाहीं, त्याजकडून फी घेऊं नये, असें त्यांत कलम होतें. ७ रुपयांचा संसार ज्यांनीं पाहिला होता, त्यांना १० रुपयांचा अर्थ ठाऊक होता. १९१२ सालीं तें बिल नामंजूर झालें.