एकाच दिवशी निवडून आलेले दोन महापौर

मित्रहो, आज आपल्याला महापौराच्या निवडणुकीबद्दल बोलायचे आहे, पण मुंबई-पुण्याच्या नव्हे, फिलिपिन्समधल्या. शहराचे नाव नागा. लुझोन बेटाच्या आग्नेय भागात, बिकोल प्रदेशात वसलेले, दोन लाखांच्या आसपास वस्तीचे. आपल्या नागालँडशी त्याचा काही संबंध नाही, बरं का. 1575 मध्ये स्पॅनिश लोकांनी तिथे नुएव्हा कासेरेस नावाचे शहर वसवले, आणि 1948 च्या सनदेने नागाला शहराचा दर्जा मिळाला. एवढ्याशा शहराच्या निवडणुकीत आपल्याला रस का असावा? कारण एक जुना प्रश्न तिथे फार स्वच्छ दिसतो. कारभार चांगला होतो तो चांगल्या माणसामुळे, की चांगल्या व्यवस्थेमुळे?

आधी आपल्याकडचा महापौर थोडा बाजूला ठेवू. आपल्या महापालिकेत महापौर नगरसेवकांनी निवडलेला असतो, मान मोठा असतो, पण कारभाराची खरी सूत्रे आयुक्तांकडे असतात. फिलिपिन्समध्ये तसे नाही. तिथे महापौर थेट लोकांच्या मतांनी येतो आणि शहराचा कारभार तोच चालवतो. उपमहापौरही स्वतंत्रपणे थेट निवडला जातो. नगरसभेचे अध्यक्षपद त्याच्याकडे असते. म्हणजे महापौर एका गटाचा आणि उपमहापौर दुसऱ्या गटाचा, असेही होऊ शकते. नागाच्या नगरसभेत थेट निवडले जाणारे दहा सदस्य असतात, आणि ते वॉर्डावार नव्हे, सगळ्या शहरातून निवडले जातात. एक मतदार महापौराला एक, उपमहापौराला एक आणि सभासदांना दहा मते देतो.

आता हा मतदार कुठून आला ते पाहू. स्पॅनिश राजवटीत गावचा प्रमुख गावातले मूठभर प्रतिष्ठित लोक निवडत, आणि चर्चच्या पाद्रीबाबांची त्यावर नजर असे. अमेरिकन आले, त्यांनी 1901 मध्ये नगरपालिकांचा कायदा केला. त्यात मताचा हक्क कुणाला? 23 वर्षांवरच्या पुरुषाला, आणि तोही पूर्वी गावात पदावर असला पाहिजे, किंवा 500 पेसोंची मालमत्ता अथवा वर्षाला 30 पेसोंचा कर, किंवा मग इंग्रजी नाहीतर स्पॅनिश लिहिता-वाचता-बोलता आले पाहिजे. थोडक्यात, जुनी प्रतिष्ठित घराणीच नव्या कायद्याने मतदार झाली. 1937 मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी खास कौल घेतला गेला. किमान तीन लाख होकार हवे होते, प्रत्यक्षात 4,47,725 पडले. आणि लिहिता-वाचता येण्याची अट 1973 च्या राज्यघटनेपर्यंत राहिली.

ही अट नुसती कागदावर नव्हती. 2010 पर्यंत तिथल्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेलीच नसत. रिकाम्या रेघा असत, आणि मतदाराने स्वतःच्या हाताने नावे लिहायची. शाळेतले शिक्षक एकेक मतपत्रिका उघडून नावे मोठ्याने वाचत, आणि फळ्यावर किंवा तक्त्यावर रेघा मारून मते मोजत. स्पेलिंग चुकले, पण उच्चार जुळला, तर मत ग्राह्य धरावे असाही नियम होता. विचार करा, ज्या निवडणुकीत नाव आठवून लिहावे लागते, तिथे कोण जिंकतो? ज्याचे आडनाव लोकांच्या ओठांवर आधीपासून आहे तो. घराणेशाहीला पैसा आणि बंदूक यांची मदत झाली हे खरेच, पण मतपत्रिकेची ही पद्धतही तिच्या पथ्यावर पडली. 2010 मध्ये छापील नावे आणि यंत्राने मोजणी आली. तोवर आडनावे पक्की झाली होती.

फर्डिनांड मार्कोस यांनी 1972 मध्ये लष्करी कायदा पुकारला आणि स्थानिक निवडणुकांचा नेम बिघडला. 1971 नंतरची स्थानिक निवडणूक थेट 1980 मध्ये झाली, तीही त्यांच्याच छायेत. 1986 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, मार्कोस पळाले, कोराझोन अक्विनो सत्तेवर आल्या. त्यांच्या सरकारने गावोगावचे जुने महापौर हटवून प्रभारी नेमले. मग 1987 ची राज्यघटना आली. तिने स्थानिक पदाची मुदत तीन वर्षांची केली आणि लागोपाठ तीनच वेळा, अशी मर्यादा घातली. राजकीय घराण्यांना बंदी असावी हेही लिहिले, पण ‘कायद्याने ठरवल्याप्रमाणे’ असे शब्द जोडून. तो कायदा संसदेने करायचा होता. आणि संसदेत कोण बसले होते? आपण समजलातच.

या राज्यघटनेखालची पहिली स्थानिक निवडणूक 18 जानेवारी 1988 रोजी झाली. त्या दिवशी नागामध्ये जेसी रोब्रेदो नावाचा 29 वर्षांचा अभियंता महापौर झाला. त्याच दिवशी दक्षिणेला, मिंडानाओ बेटावरच्या दावाओ शहरात, आधी प्रभारी उपमहापौर असलेले एक सरकारी वकील महापौर झाले. त्यांचे नाव रोद्रिगो दुतेर्ते. पुढचा योगायोग तर थक्क करणारा आहे. दोघेही 1988 ते 1998 महापौर. दोघांनाही तीन मुदतींच्या मर्यादेमुळे थांबावे लागले. दोघेही 2001 मध्ये परतले आणि 2010 पर्यंत राहिले. तोच दिवस, तीच राज्यघटना, तीच मुदत. प्रयोगशाळेत सुद्धा अशी जोडी मिळत नाही.

रोब्रेदोंच्या वाट्याला आलेले शहर खचलेले होते. बिकोलची राणी म्हणवणारे नागा तिसऱ्या वर्गात घसरले होते. तिजोरीत तूट, जुगाराचे अड्डे, बाजारपेठेत गाड्यांची कोंडी, रिकाम्या जागांवर पाण्या-दिव्याविना वसलेल्या झोपड्या. नात्यातले बडे राजकारणी लुईस विलाफुएर्ते यांच्या पाठिंब्याने रोब्रेदो आले होते. लवकरच त्यांच्याशीच बिनसले. रोब्रेदोंनी नोकरभरती परीक्षेवर आणली, बस-जीपचे अड्डे बाजारपेठेबाहेर नेले, 1989 पासून झोपडीवासीयांना जमिनीची मालकी मिळवून देणारी योजना राबवली. पायात साध्या चपला घालून शहरभर हिंडणारा महापौर, अशी त्यांची ओळख झाली.

पण मित्रहो, इथपर्यंत ही चांगल्या माणसाचीच गोष्ट आहे. खरे वळण पुढे आहे. 1991 च्या स्थानिक शासन कायद्याने पालिकांना पैसा आणि अधिकार दिले. सरकारच्या अंतर्गत करांतला 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांना ठरला. शहराच्या विकास परिषदेत किमान एक चतुर्थांश जागा स्वयंसेवी संस्थांना द्याव्यात, असेही त्यात होते. इकडे रोब्रेदोंचा गट इतका लोकप्रिय झाला की नगरसभेत विरोधी आवाज जवळजवळ उरला नाही. जिंकणाऱ्यासाठी ही सुखाची अवस्था. शहरासाठी ती धोक्याची. 1995 मध्ये नागाने एक अध्यादेश केला आणि लोकपरिषद मान्य केली. झोपडीवासी, शेतकरी, स्त्रिया, व्यापारी अशा संघटनांचा हा महासंघ. त्याचे प्रतिनिधी नगरसभेच्या समित्यांमध्ये बसतात, ठराव सुचवतात, चर्चेत बोलतात आणि समितीच्या पातळीवर मतही देतात. अंतिम मत मात्र निवडून आलेल्या सभासदांचेच. म्हणजे काय, तर निवडणुकीत रिकामा झालेला विरोधी बाक शहराने दुसऱ्या दाराने भरून काढला.

दावाओत असे काही ठळक घडले नाही. तिथे शिस्त आली, रात्री रस्त्यावरून निर्धास्त चालता येते असे लोक अभिमानाने सांगत. आणि त्याच रस्त्यांवर संशयितांना परस्पर गोळ्या घालणाऱ्या टोळ्यांचे आरोपही होत राहिले. ह्यूमन राइट्स वॉचने 2009 मध्ये त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. दुतेर्तेंनी ते आरोप वेळोवेळी कधी नाकारले, कधी मिरवले. 2010 मध्ये मुदत संपली तेव्हा ते उपमहापौर झाले आणि मुलगी सारा महापौर. पुढे तेच, मग पुन्हा सारा, मग मुलगा सेबास्तियन. 1998 ते 2001 ही तीन वर्षे सोडली, तर 1988 पासून दावाओचे महापौरपद एकाच घरात आहे. तीन मुदतींचा नियम तंतोतंत पाळला गेला, आणि त्याचा हेतू तेवढा मेला. नागामध्ये 2010 नंतर रोब्रेदो मनिलात मंत्री झाले, 18 ऑगस्ट 2012 रोजी घरी परतताना विमान अपघातात गेले. पुढची महापौरपदे त्यांच्याच गटातल्या, पण दुसऱ्या घरांतल्या माणसांनी सांभाळली. लोकपरिषद टिकून राहिली.

मग काय, व्यवस्था जिंकली? इतक्या घाईने निकाल देऊ नये. 2016 मध्ये दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि जेसींच्या पत्नी लेनी रोब्रेदो उपराष्ट्राध्यक्ष. त्या देशात दोन्ही पदांची मते वेगवेगळी पडतात. मार्च 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवर दुतेर्तेंना अटक होऊन हेगला नेण्यात आले. 12 मे 2025 च्या निवडणुकीत, कोठडीत असतानाच, दावाओने त्यांना पुन्हा महापौर निवडले. त्याच दिवशी नागाने लेनी रोब्रेदोंना प्रचंड बहुमताने महापौर केले. 37 वर्षांनी तीच दोन शहरे, तीच दोन आडनावे! आपल्याला आवडणारे आडनाव आणि न आवडणारे आडनाव, दोन्ही मतदाराच्या मनात एकाच पद्धतीने उतरतात, हे मान्य करावे लागेल. नागाचा मतदार दावाओच्या मतदारापेक्षा वेगळ्या मातीचा नाही.

फरक आहे तो निवडणुकीनंतरच्या दिवसांत. तीन वर्षांत हजाराहून थोडे अधिक दिवस असतात. मतदान त्यातला एक दिवस. उरलेल्या दिवसांत समितीच्या टेबलाशी बसून ‘हे आम्हाला मान्य नाही’ म्हणण्याचा हक्क झोपडपट्टीतल्या बाईला आहे का, एवढेच विचारावे. चांगला महापौर हे नशीब आहे. पण स्वतः लोकप्रिय असताना, गरज नसताना, आपल्यावर नजर ठेवणारी माणसे सभागृहात आणून बसवणे, हा निर्णय आहे. माणूस आणि व्यवस्था यांची गाठ तिथे पडते. लोकपरिषदेलाही मर्यादा आहेत. जो संघटित नाही त्याचा आवाज तिथेही पोचत नाही.

जाता जाता आपल्या घरची एक आठवण. 2000 साली रोब्रेदोंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत लोकांना संघटित करणाऱ्या जॉकिन अर्पुतम यांनाही मिळाला. दोघेही एकच गोष्ट सांगत होते: ज्याच्या घराचा प्रश्न, तो चर्चेत हजर हवा. आणि त्याच मुंबईची महापालिका मार्च 2022 मध्ये प्रशासकाच्या हाती गेली, निवडणूक वर्षानुवर्षे लांबत राहिली. मतदानाचा एक दिवससुद्धा जिथे वेळेवर मिळाला नाही, तिथे उरलेल्या हजार दिवसांची मागणी कोण करणार? पण करावी लागेल. पुढच्या वेळी उमेदवार आपल्या दारी येईल, तेव्हा रस्ता आणि नळ यांच्याबरोबर हेही विचारूया: निवडून आल्यावर समितीत आमची खुर्ची कुठे?

इथे थांबूया. आता आपले प्रश्न येऊ द्या.