चोंढ्याचं पाणी आणि विजेचा भाव

आमच्या शेणव्याहून डोळखांबकडे गेलं की पुढे सह्याद्रीच्या पायथ्याशी चोंढे लागतं. तिथं खालचं धरण, वर अकोले तालुक्यात घाटघरचं. मधे चारशे मीटरहून जास्त उंची. वरचं पाणी खाली सोडून वीज करायची, तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. १२५ मेगावॅटचे दोन संच २००८ साली सुरू झाले. मी विद्युत मंडळातला निवृत्त वायरमन. लोक मला हमखास विचारायचे, चढवायला वीज जास्तच जाते, मग मिळवलं काय? मिळवली ती वेळ.

मूळ हिशेब रात्रीचा. कोळशाची केंद्रं रात्री बंद ठेवता येत नाहीत, मागणी मात्र उतरते. ती वीज पाण्यात साठवून दिवेलागणीला परत काढायची.

विजेचा खरा बाजारही घाटघरच्या संचांसारखा २००८ चाच. मंडळ १९६० चं. २००३ च्या कायद्यानंतर २००५ मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, आणि २७ जून २००८ रोजी देशातला पहिला वीज विनिमय बाजार उघडला. आज तिथे उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. प्रत्येक भागासाठी विकणारे आणि घेणारे बंद बोली लावतात, जुळेल तो भाव सगळ्यांना एकच. वशिला नाही, ओळख नाही. मला ही रचना फार न्याय्य वाटते.

सौर वीज मात्र वेगळ्या वाटेने आली. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला लिलावात युनिटचा दर २ रुपये ४४ पैशांवर आला, २०२० च्या डिसेंबरात गुजरातेत १ रुपया ९९ पैशांवर. दर उतरले, हे मोठंच काम झालं. पण करार पंचवीस वर्षांचा आणि दर एकच, सकाळी सातला तोच, दुपारी बाराला तोच. म्हणून जो तो दुपारचीच वीज पिकवू लागला. आता बाजारात दुपारी भाव पडतो आणि सूर्य मावळल्यावर १० रुपयांच्या मर्यादेला भिडतो. लिलावाने संध्याकाळच्या युनिटला वेगळा दर द्यायला हवा, हे माझं ठाम मत आहे.

दुपारच्या विजेचा शेतकऱ्यालाही उपयोग आहे. भेंडीच्या मळ्याला पाणी द्यायला मध्यरात्री बॅटरी घेऊन निघालेली माणसं मी पाहिली आहेत, पायाखाली काय येईल याचा नेम नसे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. तिचा खरा फायदा दिवसा चालणारी मोटार हाच.

मुरबाडच्या बाजूला माळशेजलाही चोंढ्यासारखा प्रकल्प व्हावा, ही चर्चा जुनी आहे. तो होईल तेव्हा पाणी दुपारच्या स्वस्त विजेवर चढेल, वीज संध्याकाळी विकली जाईल; त्या चढ्या भावातला वाटा पायथ्याच्या गावांना करारातच लिहून द्या. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. विजेचं तसं होऊ देऊ नका.